अबोला नव्हे, अबोलपणा: कमी बोलणाऱ्यांनी पुण्यात नांदायचं कसं?

टेकडीवाला (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९.४०

मराठीत गप्प माणसासाठी किती शब्द आहेत पाहा: घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा, तुसडा, शिष्ट, आतल्या गाठीचा. सगळे तक्रारीचे. 'मितभाषी' हा त्यातल्या त्यात बरा, पण तो निवृत्तीच्या सत्कारात नाहीतर शोकसभेतच कानावर पडतो. त्याहून मोठा घोळ 'अबोला' या शब्दाने घातलाय. घरात कोणी बोलत नसलं की त्याने अबोला धरला, म्हणजे तो रागावला, आणि राग कोणावर तरी असणारच. मग समोरचा आपलं काय चुकलं ते आठवत बसतो, नाहीतर तोच उलट फुगतो. कमी बोलणाऱ्याला खरा ताप इथेच होतो. गप्प राहिल्याचा कमी, लोक त्याचा जो अर्थ लावतात त्याचा जास्त.

शब्द आधी वेगळे करून घेऊ, नाहीतर पुढचे प्रतिसाद एकमेकांत गुंततील. अंतर्मुख माणसाला बोलता येतं, भीतीही वाटत नाही, पण चार तास माणसांत काढले की तो गळून जातो आणि एकटा बसला की ताळ्यावर येतो. लाजाळू माणसाला लोकांत जायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने पाऊल अडतं. त्यामुळे अंतर्मुख माणूस व्यासपीठावर तासभर छान बोलू शकतो आणि बहिर्मुख माणूस लाजाळू असू शकतो. एकांत आपण घेतो, एकाकीपण आपल्यावर येतं. ही चौथी गोष्ट वेगळीच ठेवा.

अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली सविस्तर मांडली. हे दोन बंद कप्पे नाहीत. उंचीसारखी पट्टी आहे, आणि बहुतेक लोक मधेच कुठेतरी असतात. माणसाचा स्वभाव चार इंग्रजी अक्षरांत सांगणाऱ्या, ऑफिसात वाटतात त्या व्यक्तिमत्त्व चाचण्या पाच आठवड्यांनी परत दिल्या तर कित्येकांची अक्षरं बदलतात ती यामुळेच. पट्टीच्या मध्यावरचा माणूस रेषेच्या आज इकडे, उद्या तिकडे पडतो.

गंमत बघा, भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसणारे तुकोबा आपल्याला पूज्य, पण शेजारचा मुलगा रविवारी एकटाच तळजाईच्या टेकडीवर गेला की त्याच्या आईकडे चौकशी होते. असो, अवांतर झालं.

स्वतःचे अनुभव दुसऱ्या धाग्यावर भरपूर झालेत. इथे फक्त कामाचं लिहा: काय करायचं, किती वेळ, कुठे फिसकटतं.

---

नारायणपेठी, सोमवार, रात्री १०.१५

ज्या गावाने दारावर 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' असं लिहून ठेवलं, त्या गावात अंतर्मुखांवर अन्याय होतो म्हणणं जरा जड जातंय. ती पाटी नीट पाहा. वेळ दिली आहे, कारण दिलेलं नाही, आणि ती सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणून ती कोणा एकाच्या जिव्हारी लागत नाही. तोंडावर, माणूस बघून दिलेला नकार अपमान होतो. आधीच आणि सरसकट दिलेला नकार नियम होतो. 'आज नको' म्हणण्यापेक्षा 'रविवारी सकाळी ११ पर्यंत मी फोन घेत नाही' हे वर्षभर चालतं. फक्त नियम स्वतः मोडायचा नाही. एकदा साडेनऊला कोणाचा तरी फोन उचललात की बाकीच्यांसाठी तो नकारच ठरतो.

दुसरं, थोडं कडू. अंतर्मुख आहे म्हणून मयताला गेलो नाही, हे चालणार नाही. खरं तर तीच भेट सगळ्यात सोपी. दहाव्याच्या आधी जायचं, जेवणाची वेळ टाळायची, पंधरा मिनिटं बसायचं. 'कसं झालं?' विचारायचं नाही, ते त्यांनी त्या दिवशी पन्नास वेळा सांगितलेलं असतं. निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, नुसतं उठायचं. न सांगता निघून जाणं हाच जिथे रिवाज आहे अशी पुण्यातली ही एकमेव जागा असावी.

---

आहेरवही, मंगळवार, सकाळी ८.०५

लग्नकार्याचं मी लिहितो.

मुहूर्ताच्या अर्धा तास आधी जा. कमी बोलणारे लोक मुद्दाम उशिरा जातात आणि स्वतःचंच काम वाढवून घेतात. उशिरा शिरलात की घोळके जमलेले असतात, आणि प्रत्येक घोळक्यात घुसायला परवानगी मागितल्यासारखं होतं. आधी गेलात की खुर्च्या रिकाम्या, यजमान मोकळे, दोन मिनिटं धड बोलून होतं. अक्षता पडल्या की निम्मा हॉल जेवणाकडे धावतो, उरलेला स्टेजच्या रांगेत लागतो. ज्यांची भेट आधीच झाली आहे त्यांना रांगेत उभं राहायची गरज नाही.

दुसरं म्हणजे एखादं काम मागून घ्या. काम असलं की 'एकटा का बसलायस?' हा प्रश्नच येत नाही. सगळ्यात उत्तम काम आहेराच्या टेबलावरचं. शेकडो माणसं येतात, पण प्रत्येकाशी वाक्यं ठरलेली: नाव, गाव, 'जेवून जा हं'. कृती अशी. दोनशे पानी वही, चार रकाने: अनुक्रमांक, नाव-गाव, पाकीट की वस्तू, रक्कम. रकमेचा रकाना तिथे कोरा ठेवायचा. वहीतला क्रमांक पाकिटावर टाकायचा, पाकीट कापडी पिशवीत. रक्कम घरी पाकिटं फोडताना दोघांनी मिळून भरायची, एकाने वाचायची, एकाने लिहायची. बॉलपेनच घ्या. जेल पेनची शाई चकचकीत पाकिटावर पुसते आणि ७ चा १ होतो. चुकतं ते नेहमी दोन ठिकाणी. कोणी पाकीट थेट नवरीच्या हातात देतं, त्याला क्रमांकच पडत नाही. म्हणून नवरीच्या करवलीला एक वेगळी पिशवी द्यायची आणि तिच्यातल्या पाकिटांना शेवटी 'स्टेज १, स्टेज २' असे क्रमांक घालायचे. कोणी 'लिहा आमचे पाचशे एक' म्हणून रोख ठेवतं. त्यासाठी दहा कोरी पाकिटं आणि सुट्टी नाणी जवळ असू द्या. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असेल तर हे टेबलच नसतं. मग पाहुण्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या आणि यादी ताब्यात घ्या.

केळवण मात्र अवघड. आठ-दहाच माणसं, कोपरा नाही. तिथे निघायची वेळ पोचल्यापोचल्या सांगून टाकायची: 'साडेनऊला निघेन.' निघताना एकदम सांगितलं की आग्रहाचा दुसरा अंक सुरू होतो. आणि मोठ्या समारंभात निघताना घरातल्या कर्त्या बाईला सांगूनच निघा. बाकी कोणाला नाही सांगितलं तरी चालतं. तिलाही सांगितलं नाहीत तर 'रागावून गेला वाटतं', म्हणजे परत तोच अबोला.

---

खराडी बायपास, मंगळवार, दुपारी १.३०

ऑफिसात नुसती गैरसोय होत नाही, पैसे जातात. मूल्यमापन करणाऱ्याला जे दिसतं-ऐकू येतं त्याचे गुण मिळतात. चार ठिकाणं धरा.

*बैठक.* सगळ्यांनी एकत्र बसून बडबडत कल्पना काढायच्या, ही पद्धत अजून चालते. येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं की चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा बऱ्याच जास्त भरतात. १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे यांनी कारण शोधलं. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबताना त्यांच्या डोक्यातलं निसटतं. म्हणून पद्धत अशी: विषयपत्रिका आदल्या दिवशी, आणि प्रत्येक विषय प्रश्नचिन्हाने संपणारा. 'विक्रीबाबत चर्चा' यावर कोणी काही तयार करून आणू शकत नाही. 'मार्चपर्यंत कोणते दोन ग्राहक सोडायचे?' यावर आणू शकतो. बैठकीची पहिली ६ मिनिटं कोणीही बोलायचं नाही, कार्डावर लिहायचं, एका कार्डावर एकच मुद्दा. कार्डं पिसायची, तिसऱ्याच माणसाने वाचायची. साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. फसतं ते या शेवटच्या पायरीवर. साहेबांनी पहिल्याच कार्डाला 'वा!' केलं की उरलेली कार्डं नुसती वाचून बाजूला पडतात.

*मोकळं ऑफिस.* भिंती काढल्या की लोक जास्त बोलतील, ही समजूत. बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन कंपन्यांच्या मुख्यालयांत मोजलं (२०१८). समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल आणि चॅट वाढले. सगळ्यांच्या नजरेत असलं की माणूस हेडफोन घालून स्वतःची भिंत बांधतो. जागा मागताना 'मला शांतता लागते' म्हणू नका, तो स्वभाव ठरतो. 'रोज १० ते १२ हे काम अखंड लागतं, त्या वेळात छोटी खोली राखून ठेवतो' म्हणा, ती कामाची गरज ठरते.

*गटचर्चा.* कॅम्पसवरच्या नोकरभरतीत ८ ते १२ जण, १० ते १५ मिनिटं. पहिलं बोलायची गरज नाही, पण पहिल्या तीन मिनिटांत एकदा आवाज गेलाच पाहिजे. नंतर दोन मोठ्या आवाजांनी दिशा ठरवलेली असते. फट पडायची वाट पाहू नका, ती पडत नाही. बोलणाऱ्याचं वाक्य संपत आलं की पुढे झुका आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर सुरू करा: 'त्यात एक आकडा जोडतो.' एकूण तीन वेळा, प्रत्येकी २०-३० सेकंद, तिसरी वेळ शेवटचा गोषवारा. गोषवारा मागितला की बडबडे चाचरतात, कारण त्यांनी ऐकलेलं नसतं.

*शुक्रवारची मेल.* साहेबांना तीन ओळी: काय झालं, काय अडलंय, पुढच्या आठवड्यात काय. वर्षाला पन्नासेक मेल होतात. मूल्यमापनाच्या वेळी हाच पुरावा.

---

उलटतपासणी, मंगळवार, दुपारी ४.५०

धागा चांगला आहे, पण सगळे एकाच सुरात गाताहेत म्हणून.

मानसशास्त्रज्ञ विल्यम फ्लीसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की माणूस जेव्हा बहिर्मुखासारखा वागतो तेव्हा त्याला त्या वेळी बरं वाटतं, आणि हे अंतर्मुखांनाही लागू होतं. 'मला माणसांत मजा येणारच नाही' हा जाण्याआधीचा अंदाज बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा उणा निघतो. तेव्हा प्रत्येक आमंत्रण टाळणं हा स्वभावाचा मान राखणं असेलच असं नाही. कधी कधी तो नुसता चुकीचा अंदाज असतो.

हेही सांगतो, की २०१९ मध्ये आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख वागायला लावणारा प्रयोग झाला, त्यात जे फारच अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला आणि थकवा, खोटं वागल्याची भावना वर आली. म्हणजे दोन तास झेपतं, सात दिवस झेपत नाही. मग त्याप्रमाणे आखा: जा, पण सलग दोन दिवस दोन कार्यक्रम घेऊ नका.

---

खडूफळा, मंगळवार, रात्री ९.१०

पालकसभेत 'बाकी सगळं छान आहे, पण बोलत नाही' हे वाक्य ऐकलं की पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. मधल्या सुट्टीत एखाद्या तरी मित्राशी बोलतो का? लेखी उत्तर पूर्ण लिहितो का? काही हवं असेल, पाणी, बाथरूम, तर मागतो का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर मूल शांत आहे, विषय संपला. घरी अखंड बडबड आणि शाळेत तोंडातून शब्द नाही, शाळेचा पहिला महिना सोडून हे महिन्याहून जास्त चाललं असेल, तर ती निवडक मूकता असू शकते. ती अंतर्मुखता नव्हे, चिंतेचा प्रकार आहे. बालमानसतज्ज्ञांना दाखवा. 'बोल ना, बोल ना' करून ती वाढते.

शिक्षकांसाठी एकच गोष्ट, तीही फुकटची: प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी मोजलं होतं, शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, म्हणून मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' मोजावं. नंतर आधी शेजाऱ्याला सांगा, मग बाकावरच्या चौघांत, मग वर्गात. थेट 'उभा राहा आणि सांग' केलं की मूल उत्तर सोडून उभं राहण्याचाच विचार करतं.

आणि मुलासमोर पाहुण्यांना 'हा लाजाळूच आहे' म्हणून सांगू नका. 'याला जरा वेळ लागतो' म्हणा. पहिलं वाक्य शिक्का मारतं, दुसरं पाहुण्याला काय करायचं ते सांगतं.

---

खोली नंबर दोन, बुधवार, सकाळी ११.२०

एकांताची किंमत बाईला जास्त पडते, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलगा खोलीत दार लावून बसला तर 'काम करतोय'. सून बसली तर 'शिष्ट आहे', 'माहेरच्यांशी बोलत असेल'.

दार बंद होण्याआधी वेळ सांगितली की अर्ध्या शंका मिटतात. 'आई, मी पाचपर्यंत पडते, चहाला येते.' यात परत यायची वेळ महत्त्वाची आहे. 'जरा पडते' याला शेवट नाही, म्हणून लोक दार वाजवतात. पाचला बाहेर यायचंच, आणि आल्यावर पहिली दहा मिनिटं हातात मोबाइल नको. मोबाइलसाठी खोलीत जाते असा समज झाला की पुढच्या वेळी ती सबब मानली जात नाही. दोन खोल्यांच्या घरात खोली मिळत नसेल तर वेळ घ्या, जागा नाही: सकाळी साडेपाच ते सहा, ओट्याशी, दिवा एकच. त्या वेळात भांडी घासायची नाहीत, नाहीतर तो एकांत राहत नाही, कामाचीच पाळी होते.

बाहेर बसायचं तर टेकडी सकाळी सहा ते आठ सोडून. त्या वेळी तळजाई काय आणि वेताळ टेकडी काय, निम्मं पुणे गप्पा मारत चढत असतं. पण भर दुपारी आतल्या पायवाटांवर एकटीने जाऊ नका, लूटमारीच्या बातम्या येत असतात. पाताळेश्वर लेण्याच्या आवारात झाडाखाली तासभर बसता येतं, कोणी काही विचारत नाही. वाचनालयाचा वाचनकक्ष सगळ्यात सुरक्षित. १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आहेच. तिथे गप्प बसणं हाच नियम.

सतत टोमणे मारणाऱ्यांना एक उत्तर पुरतं: 'हो, मी कमीच बोलते. तुमचं चालू द्या, मी ऐकतेय.' आणि मग खरंच ऐकायचं.

---

सुपारी, बुधवार, दुपारी ३.००

गणपतीच्या दहा दिवसांत खोली मिळाली तरी शांतता कुठून आणायची? हे स्वभावावर ढकलू नका, नियम आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २०००: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. सांस्कृतिक-धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. तक्रार ११२ वर. नुसतं 'आवाज फार आहे' सांगू नका. मंडपाची जागा, जवळची खूण, किती वाजल्यापासून, हे सांगा.

---

मन:स्वास्थ्य, बुधवार, रात्री ८.४५

'मी अंतर्मुख आहे' या पांघरुणाखाली काय काय लपतं, त्याबद्दल.

पहिली खूण बदल. जो पहिल्यापासून एकटा फिरायचा तो आजही एकटा फिरतोय, तर काळजी नाही. ज्याला एकटं बसून चित्रं काढायला, वाचायला आवडायचं त्याला आता तेही नको झालंय, झोप-भूक बिघडली आहे, आणि हे दोन आठवडे टिकलंय, तर नैराश्याच्या दृष्टीने तपासून घ्यायला हवं. अंतर्मुख माणसाची एकांतातली आवड मरत नाही. नैराश्यात ती मरते.

दुसरी खूण टाळाटाळीचं कारण. थकवा येतो म्हणून टाळलं आणि घरी आल्यावर सुटल्यासारखं वाटलं, हे ठीक. भीतीने छाती धडधडते म्हणून टाळलं, नंतर स्वतःचाच राग आला, नोकरी-शिक्षण अडायला लागलं, आणि हे सहा महिने वा जास्त चाललंय, तर ती सोशल अँग्झायटी असू शकते. त्यावर उपचार आहेत, विचार आणि वर्तन बदलणारी थेरपी चांगली लागू पडते. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.

विपश्यनेचं कोणीतरी विचारणार, म्हणून आधीच: दहा दिवसांचं शिबिर, शुल्क नाही, मोबाइल जमा, मौन दहाव्या दिवशी सुटतं. ज्यांना शांतता आवडते त्यांनाही ते कष्टाचं असतं, आराम म्हणून जाऊ नका. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांना विचारून मगच जा.

---

बी विंग, गुरुवार, सकाळी ७.३०

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज दीडशे मेसेज. म्यूट केलं तर टाकी धुण्याची सूचना चुकते, सोडला तर सेक्रेटरी फोन करतात. तोडगा?

---

टेकडीवाला (धागाकर्ता), गुरुवार, सकाळी ७.५५

ग्रुप सोडून उपयोग नाही. २०२२ पासून सोडल्याचं फक्त अ‍ॅडमिनला कळतं खरं, पण आपल्याकडे अ‍ॅडमिन म्हणजेच सेक्रेटरी, शिवाय ६० दिवस सोडून गेलेल्यांची यादी सगळ्यांना पाहता येते.

कमिटीला दोन ग्रुप करायला सांगा. 'सूचना' ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची परवानगी फक्त अ‍ॅडमिनना द्यायची. पाणी, लिफ्ट, टाकी, वीज, सभा एवढंच तिथे. 'गप्पा' ग्रुप वेगळा, तो म्यूट आणि अर्काइव्ह. मागणी लेखी करा आणि कारण स्वतःचं देऊ नका. 'ज्येष्ठ नागरिकांच्या सूचना चुकतात' हे कारण पुण्यात कोणतीही कमिटी फेटाळत नाही, आणि ते खरंही आहे. महत्त्वाची सूचना पिन करायला सांगा, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते.

बिघडतं ते पहिल्या आठवड्यात. अ‍ॅडमिन चार असतात आणि त्यातला एक 'सूचना'वर सुप्रभात टाकतोच. म्हणून अ‍ॅडमिन दोनच ठेवा, आणि त्यातला एक वॉचमनच्या रजिस्टरचं काम बघणारा असू द्या. त्याला टाकी कधी धुणार ते सगळ्यात आधी माहीत असतं.

---

बी विंग, गुरुवार, सकाळी ८.१०

अर्ज टाकला. सेक्रेटरींनी उत्तर दिलं, 'गप्पा' ग्रुपवर.